हातच्या साधनांत लाकडी स्नेअर ड्रम : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी अनेक वर्षे ड्रम वाजवतो आणि फावल्या वेळात थोडे सुतारकामही करतो. माझ्याकडे हातकरवत, रंधा, पटाशी, दोन कानशी, हातातले ड्रिल मशीन आणि काही शिकंजे एवढेच सामान आहे. टेबल सॉ, लेथ किंवा राउटर नाही. एवढ्यावर १४ इंची लाकडी स्नेअर ड्रम घरी बनवता येईल का? येत असेल तर कोणत्या पद्धतीने बनवावा आणि लाकूड कोणते घ्यावे?

उत्तर : बनवता येईल, आणि तो शोभेपुरता न राहता वाजवण्याजोगा होईल. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सगळे उत्तर तिच्यावर उभे आहे. हौसेने ड्रम बनवणारे बहुतेक जण लाकडाची जात निवडण्यात आठवडे घालवतात आणि ज्या दोन कडांवर हेड, म्हणजे कडीत बसवलेला पडदा, टेकते त्या कडांना शेवटचा अर्धा तास देतात. हे प्रमाण उलटे हवे. ड्रमचा आवाज प्रामुख्याने हेडमुळे, त्याला दिलेल्या ताणामुळे आणि ते ज्या कडेवर टेकते तिच्या सपाटपणामुळे घडतो; लाकडाचा वाटा त्यानंतर येतो. साध्या लाकडाचा, पण कडा बिनचूक असलेला ड्रम समाधान देतो, तर उंची लाकडाचा ड्रम एका जागी अर्धा मिलिमीटर खाली गेलेल्या कडेमुळे कितीही कसला तरी सुरात येत नाही.

शेल, म्हणजे ड्रमचे लाकडी नळकांडे, बनवण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत. कारखान्यात बहुधा लाकडाचे पातळ थर गोंद लावून साच्यात दाबतात. त्यासाठी लागणारा अचूक साचा आणि सगळीकडून सारखा दाब घरी मिळवणे अवघड असते. दुसऱ्या पद्धतीत एकच फळी वाफेवर मऊ करून वाकवतात. त्यात फळी तडकण्याचे प्रमाण मोठे असते आणि वाकवलेले लाकूड पुन्हा उघडण्याची धडपड करत राहते. तिसरी पद्धत पिंपाची आहे. उभ्या पट्ट्यांच्या दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, त्या एकमेकींना चिकटवून बहुकोनी नळकांडे तयार करायचे आणि मग ते आतून-बाहेरून गोल करायचे. तुमच्या साधनांना हीच पद्धत मानवेल. तिला यंत्रापेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि चूक झालीच तर ती बहुतेक टप्प्यांवर दुरुस्त करता येते.

लाकूड कठीण, सरळ रेषांचे आणि गाठी नसलेले असावे. मेपल, बर्च, बीच, अक्रोड, ॲश, शिसव यांपैकी जे चांगले वाळलेले मिळेल ते घ्यावे. सागवानही चालते, पण त्याच्या अंगच्या तेलकटपणामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी सांध्यांचे पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घ्यावे लागतात. जातीपेक्षा वाळणे महत्त्वाचे, हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या ड्रमचे लाकूड वाळलेले आहे असे सांगून मला देण्यात आले होते आणि मी त्यावर विश्वास ठेवला. दोन महिन्यांनी एका सांध्याला वरच्या टोकाकडून चीर गेली, कारण लाकूड टोकांकडून आधी आणि अधिक वेगाने सुकते. तेव्हापासून मी फळ्या ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत, मध्ये बारीक काड्या ठेवून रचतो आणि दर आठवड्याला एकीचे वजन करतो. सलग तीन आठवडे वजन बदलले नाही, तरच करवत हाती घेतो.

फळीचे टोकही पाहून घ्यावे. तेथे दिसणारी वार्षिक वलये फळीच्या रुंद बाजूला साधारण काटकोनात उभी असतील, तर ती फळी हवेतील ओलाव्याबरोबर रुंदीत कमी फुगते आणि कमी आकसते. पट्ट्यांच्या शेलमध्ये फळीची रुंदीच ड्रमचा परीघ होते, त्यामुळे या निवडीचा फायदा थेट ड्रमला मिळतो. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही, म्हणून एकदा सपाट केलेल्या कडा हवामान बदलले तरी बऱ्याच अंशी सपाट राहतात.

सुरुवात करण्यापूर्वी सगळे हार्डवेअर आणून समोर ठेवावे : दोन रिम (हेड कडेवर दाबून धरणाऱ्या कड्या), टेन्शन रॉड (रिम आवळून हेड ताणणारे लांब स्क्रू), लग (हे रॉड ज्यांत बसतात ते शेलवरचे भाग), खालच्या हेडला टेकणाऱ्या तारा ताणणारा व सोडणारा स्ट्रेनर, त्याच्या समोर तारांचे दुसरे टोक धरणारी बट प्लेट, तारांचा संच आणि दोन्ही हेड. लगच्या छिद्रांमधील अंतर कागदावरून न घेता हातातील वस्तूवरून मोजलेले बरे.

प्रश्न : पट्ट्या किती घ्याव्यात, त्यांची मापे कशी काढावीत आणि रंध्याने सगळ्या कडांना सारखाच कोन कसा आणावा? माझे पहिले नळकांडे जोडायला घेतले, तेव्हा शेवटच्या सांध्यात मोठी फट राहिली.

उत्तर : कोनाचा हिशेब सोपा आहे : १८० भागिले पट्ट्यांची संख्या, म्हणजे प्रत्येक कडेचा तिरकेपणा. बारा पट्ट्यांना १५ अंश, सोळांना ११.२५ अंश आणि वीस पट्ट्यांना ९ अंश. पट्ट्या जितक्या कमी, तितके सांधे कमी. पण तितके कोपरे मोठे आणि गोल करताना तासून टाकायचे लाकूड जास्त. १४ इंची ड्रमच्या आकारात बहुकोनाच्या बाजूच्या मध्यापेक्षा त्याचा कोपरा बारा पट्ट्यांमध्ये सुमारे ६ मिलिमीटर, सोळांमध्ये साडेतीन आणि विसांमध्ये जेमतेम सव्वादोन मिलिमीटर बाहेर येतो. हाताने तासणाऱ्याने म्हणूनच वीस पट्ट्या घ्याव्यात असे मी सांगतो. दहा लगचा ड्रम असेल तर त्यात आणखी एक सोय होते : प्रत्येक लग एकाआड एक पट्टीच्या बरोबर मध्यावर येतो आणि कोणतेही छिद्र सांध्यावर पडत नाही.

१४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर हे हेडचे नाममात्र माप आहे. शेल त्याहून लहान हवा, म्हणजे हेडची कडी त्यावरून कोठेही न घासता सहज उतरते. तयार शेलचा बाहेरचा व्यास ३५२ मिलिमीटर धरावा. अनुभव नसेल तर तासण्यासाठी आणखी ४ मिलिमीटर ठेवावेत, म्हणजे समोरासमोरच्या सपाट बाजूंमधील अंतर ३५६ होईल. त्यासाठी प्रत्येक पट्टीची बाहेरची रुंदी ५६.४ मिलिमीटर येते आणि फळी १८ मिलिमीटर जाड असेल तर आतली रुंदी ५०.७ मिलिमीटर. गोल केल्यावर भिंत सुमारे १३ मिलिमीटर जाड उरते. साडेपाच इंच, म्हणजे १४० मिलिमीटर उंचीचा ड्रम हवा असेल तर पट्ट्या १६० मिलिमीटर लांब कापाव्यात, कारण टोके एका पातळीत आणताना दोन्हीकडून थोडे थोडे लाकूड जाते.

आता तुमच्या फटीबद्दल. वीस पट्ट्यांना चाळीस कडा असतात. प्रत्येक कडेवर केवळ एक दशांश अंशाची चूक झाली, तरी शेवटच्या सांध्यापर्यंत ती चार अंशांची होते आणि १८ मिलिमीटर जाडीत सव्वा मिलिमीटरची फट पडते. म्हणजे फट पडली हा हात कच्चा असल्याचा पुरावा मानू नये. ती पडणारच असे धरून कामाची आखणी करावी.

कोनासाठी एक साचा करावा. सपाट पाटावर एक उतरती फळी घट्ट बसवायची. तिचा चढ दर १०० मिलिमीटरला १५.८ मिलिमीटर ठेवला की नेमके ९ अंश मिळतात. पट्टी या उतारावर बाहेरची बाजू वर करून अशी ठेवायची की तासायची कड उंच भागाकडे येईल. रंधा आडवा, म्हणजे कुशीवर झोपवून पाटावरून सरकवायचा. पाते पाटाशी काटकोनात चालते आणि पट्टी तिरकी असते, त्यामुळे कोन हाताच्या अंदाजावर न राहता साच्यावर ठरतो. एक कड झाली की पट्टी उताणी न करता जागच्या जागी फिरवून दुसरी कड तासायची. रुंदी सारखी राहावी म्हणून उताराच्या खालच्या टोकाला अडसर ठोकावा. दुसरी कड तासताना पट्टी त्याला टेकली की सगळ्या पट्ट्या एकाच मापाच्या उतरतात. रंध्याचे पाते मात्र काम सुरू करताना आणि अर्ध्यावर, असे दोनदा तरी परजावे.

चिकटवण्यापूर्वी पट्ट्या बाहेरची बाजू वर करून सरळ पट्टीच्या आधाराने शेजारी शेजारी मांडाव्यात आणि सांध्यांवर रुंद चिकटपट्टी लावावी. मग सगळी मांडणी उलटी केली की प्रत्येक सांध्यात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच दिसते. खाचांत लाकडाचा पांढरा गोंद दोन्ही पृष्ठभागांना पोहोचेल असा लावायचा, चटईसारखी गुंडाळी करायची आणि बाहेरून सामान बांधायचे पट्टे किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब फिती आवळायच्या. गोंद न लावता हीच गुंडाळी एकदा करून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण गोंद लावल्यावर विचार करायला दहा मिनिटेही मिळत नाहीत.

चुकीच्या कोनावरचा खरा उपाय या टप्प्यावर करायचा असतो. समोरासमोरच्या दोन सांध्यांत गोंद लावू नये. तेथे प्लॅस्टिकची पातळ पट्टी ठेवावी. सुकल्यावर नळकांडे दोन अर्ध्या भागांत सुटते. प्रत्येक अर्धा भाग सपाट पृष्ठभागावर चिकटवलेल्या सँडपेपरवर, दोन्ही सांधे एकाच वेळी टेकतील असा ठेवून घासायचा. चाळीस कडांची साठलेली चूक या चार पृष्ठभागांवर संपते. मग दोन्ही अर्धे गोंद लावून जोडले की फट उरत नाही. घासण्यामुळे आकारात किंचित फरक पडतो, पण तो ठेवलेल्या ४ मिलिमीटरांत सहज सामावतो.

प्रश्न : लेथ नसताना शेल आतून आणि बाहेरून गोल कसा करावा? किती गोल झाला म्हणजे पुरे समजावे?

उत्तर : आधी दोन्ही टोके सपाट करावीत. एक टोक रंध्याने आणि सँडपेपरवर घासून सरळ करायचे, शेल त्या टोकावर उभा करायचा आणि ठोकळ्यावर योग्य उंचीला धरलेली पेन्सिल शेलभोवती फिरवून दुसऱ्या टोकाची रेषा आखायची. त्या रेषेपर्यंत तासले की दोन्ही टोके समांतर होतात. कडांच्या अंतिम कामासाठी उंचीत दोन-तीन मिलिमीटर शिल्लक ठेवावेत.

नंतर शेलच्या पोकळीत एक फळी आडवी अडकवून तिच्यावर मध्यबिंदू काढावा आणि लाकडी पट्टीला खिळा व पेन्सिल लावून केलेल्या साध्या कंपासाने टोकावर दोन वर्तुळे आखावीत : बाहेरचे १७६ मिलिमीटर त्रिज्येचे आणि आतले १६३ मिलिमीटर त्रिज्येचे. दुसऱ्या टोकावरही तेच करावे. मध्यबिंदू दोन्ही टोकांना एकाच अक्षावर यावेत यासाठी समोरासमोरच्या सांध्यांवरून रेषा ओढून त्यांचा छेद घ्यावा. आता काम रेषेवरून रेषेपर्यंत आहे. बाहेरून रंधा किंचित तिरका धरून आधी वीस कोपरे तासावेत, मग निर्माण झालेले चाळीस कोपरे, आणि शेवटी पुठ्ठ्याच्या वक्र साच्याने तपासत लांब वक्र ठोकळ्यावर लावलेला सँडपेपर फिरवावा. शेलभोवती कागदी पट्टी गुंडाळून परीघ मोजत राहावे. तो सुमारे ११०६ मिलिमीटर झाला की ३५२ चा व्यास मिळाला.

आतली बाजू कंटाळवाणी आहे हे मान्य करतो. तेथे सरळ रंधा चालत नाही; वक्र धारेचा खरवडा, अर्धगोल मरफा (लाकडासाठीची खरबरीत कानस) आणि बाहेरगोल ठोकळ्यावरचा सँडपेपर यांवर भागवावे लागते. आतून आरशासारखा गोलवा आणण्याचा अट्टाहास मात्र करू नये. पट्ट्यांचे पुसट सपाट भाग मध्यावर शिल्लक राहिले तरी बिघडत नाही; वरच्या आणि खालच्या ३० मिलिमीटरांत भिंतीची जाडी सारखी असली पाहिजे, कारण कड तेथे घडवायची आहे. बाहेरचा व्यास चार दिशांनी मोजावा आणि फरक एक मिलिमीटरच्या आत आला की थांबावे. घासताना उडणारी बारीक भुकटी फुप्फुसांना घातक असते, तेव्हा चांगला मास्क लावल्याशिवाय हे काम करू नये.

प्रश्न : प्रत्येक लेखात बेअरिंग एज हा शब्द येतो. राउटरशिवाय ती कड ४५ अंशांत आणि सपाट कशी करावी? आणि खालच्या बाजूला तारांसाठी खोलगट भाग ठेवतात तो किती खोल असावा?

उत्तर : या प्रश्नासाठी मी अधिक जागा घेतो, कारण ड्रम वाजतो की नुसता ठोकल्यासारखा वाटतो हे येथे ठरते.

बेअरिंग एज म्हणजे शेलच्या टोकाची जी रेषा हेडला प्रत्यक्ष स्पर्श करते ती. ती रेषा सबंध वर्तुळात एकाच पातळीत असली पाहिजे आणि पुरेशी अरुंद असली पाहिजे. ती रुंद असेल तर हेडचे कंपन लवकर दबते, आवाज आखूड आणि थोडा जाडसर होतो. ४५ अंशांचा आतला उतार आणि बाहेरून थोडी गोलाई हा सगळ्यांत रूढ आकार आहे.

जाड काच किंवा गुळगुळीत ग्रॅनाइटचा शेलपेक्षा मोठा तुकडा घ्यावा. त्यावर १२० नंबरच्या सँडपेपरचे ताव एकमेकांवर न चढवता शेजारी शेजारी चिकटवावेत. शेलच्या टोकावर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा ओढून तो या पृष्ठभागावर गोल फिरवत घासावा. आपला हात नकळत एका बाजूला जास्त दाब देतो, म्हणून दर दहा फेऱ्यांनी शेलवरची पकड पाव वर्तुळ बदलावी. सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या गेल्या की पहिला टप्पा झाला. मग कागद काढून शेल उघड्या काचेवर ठेवावा, आत छोटा दिवा लावावा, वरून जाड कापड टाकावे आणि खोलीत अंधार करावा. कडेखालून प्रकाशाची रेघ जेथे दिसेल ती जागा खाली गेलेली आहे, आणि तिच्या पातळीपर्यंत बाकीचे टोक खाली आणावे लागेल. ही कसोटी कधीही टाळू नये. बोटाला न जाणवणारी खोलगट जागा प्रकाशाला सापडते.

टोक सपाट झाले की बाहेरच्या पृष्ठभागापासून अडीच मिलिमीटर आत सबंध वर्तुळाची पेन्सिल रेषा आखावी. ही भावी शिखररेषा. उतारासाठी एक छोटा ठोकळा बनवावा : त्याचा खालचा उभा भाग शेलच्या आतल्या भिंतीवर सरकतो आणि वरचा भाग ४५ अंशांत बाहेर झुकतो, ज्यावर जाड सँडपेपर चिकटवलेला असतो. आधी मरफ्याने आतली कड ढोबळ उतरवावी आणि रेषेपासून दोन मिलिमीटरवर थांबून पुढचे काम या ठोकळ्याने करावे. पट्ट्यांच्या शेलमध्ये टोकाला लाकडाचे रेषे उभे कापलेले असतात, त्यामुळे बोथट हत्यार लाकूड कापण्याऐवजी ओरबाडते. मरफा नेहमी वरून खाली, शेलच्या आत जाईल असाच चालवावा. बाहेरची बाजू मग सँडपेपरने हलकी गोल करावी.

उतार रेषेपर्यंत नेऊ नये. शिखरावर सुमारे एक मिलिमीटर रुंदीची सपाट पट्टी मुद्दाम राखावी आणि आतला उतार तिच्या कडेशी सगळीकडे सारखा आला की शेल पुन्हा सपाट पृष्ठभागावर, या वेळी २४० नंबरच्या कागदावर, अगदी हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवावा. आता तिरप्या प्रकाशात पाहिले तर शिखरावर एक बारीक चकाकणारी फीत दिसते. ती सगळीकडे सारख्या रुंदीची असेल तर कड सपाट आहे आणि उतारही सारखा आहे, या दोन्ही गोष्टी एकाच नजरेत कळतात. फीत जेथे रुंद आहे तेथे उतार थोडा वाढवायचा. जेथे ती तुटते तेथे कड खाली आहे, आणि मग सपाट पृष्ठभागाकडे परत जाण्यावाचून गत्यंतर नाही. या कामात माझी एक पूर्ण संध्याकाळ जाते आणि ती मी आनंदाने देतो.

खालच्या कडेवर याखेरीज स्नेअर बेड लागतो. तारा दोन समोरासमोरच्या बाजूंनी कड ओलांडून बाहेर येतात. कड तेथेही तितकीच उंच असेल तर तारांची टोके उचलली जातात आणि त्या हेडवर सपाट बसत नाहीत. म्हणून त्या दोन जागी कड किंचित खाली उतरवतात. वीस तारांच्या नेहमीच्या संचासाठी मध्यावर एक ते दीड मिलिमीटर खोली पुरते, आणि हा उतार मध्यापासून दोन्हीकडे सुमारे ५० मिलिमीटरपर्यंत पसरत जाऊन कडेत विरून गेला पाहिजे. घाई करणारा माणूस येथे अरुंद आणि खोल खाच करतो. मग खालचे हेड त्या खाचेत सुरकुतते आणि तारा कधीच शांत राहत नाहीत. एक मिलिमीटर खोलीवर थांबावे, हेड आणि तारा लावून ऐकावे आणि गरज वाटली तरच पुढे जावे. दोन्ही बेड एकमेकांच्या अगदी समोर असावेत, आणि खाली उतरवलेल्या भागातही शिखररेषा व ४५ अंशांचा आतला उतार कायम राहिला पाहिजे.

प्रश्न : पट्ट्या तासण्याऐवजी प्लायवुडच्या गोल कड्या कापून एकावर एक चिकटवल्या तर चालेल का?

उत्तर : चालेल. जिगसॉ मिळत असेल तर हा मार्ग सोपाही आहे : १८ मिलिमीटर जाडीच्या आठ कड्यांची उंची १४४ मिलिमीटर होते, म्हणजे घासायला चार मिलिमीटर उरतात. पण प्रत्येक कडीच्या मधला मोठा गोल तुकडा वाया जातो आणि प्लायच्या आतील थरांत पोकळी असेल तर ती नेमकी बेअरिंग एजवर उघडी पडू शकते. म्हणून निदान वरची आणि खालची कडी तरी पोकळी नसलेल्या उत्तम बर्च प्लायची असावी. मला स्वतःला पट्ट्यांचा शेल अधिक आवडतो, पण पहिला प्रयत्न कड्यांचा करून कडा घडवण्याचा सराव करणे हा शहाणपणाचा क्रम आहे.

प्रश्न : छिद्रे पाडताना लाकूड आतून फुटते. लगच्या जागाही थोड्या चुकतात. काय करावे?

उत्तर : शेलभोवती कागदाची पट्टी गुंडाळून ती जेथे स्वतःला भेटते तेथे बिनचूक कापावी, सपाट पसरून दहा समान भाग करावेत आणि पुन्हा गुंडाळून खुणा उतरवाव्यात. ३५२ मिलिमीटर व्यासाला दोन लगमधील अंतर सुमारे ११०.६ मिलिमीटर येते, पण मोजपट्टीने दहा वेळा मोजत गेले तर चूक साठत जाते; कागद घडी घालून किंवा भागून घेतल्यास ती साठत नाही. स्ट्रेनर आणि बट प्लेट दोन लगच्या मध्ये, एकमेकांसमोर १८० अंशांवर येतात. दहा लग असोत वा आठ, हे जमते. हवेसाठी १० ते १२ मिलिमीटरचे एक छिद्र अशाच एका रिकाम्या जागेच्या मध्यावर पाडावे. स्नेअर बेड स्ट्रेनरच्या जागेवर अवलंबून असल्याने ही आखणी बेड घडवण्याच्या आधी पूर्ण झालेली असावी.

फुटण्यावर उपाय म्हणजे आतून शेलच्या वक्राला जुळेल असा टाकाऊ लाकडाचा तुकडा शिकंज्याने घट्ट धरणे. बाहेरून चिकटपट्टी लावून आधी दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र आणि मग पूर्ण मापाचे पाडावे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही : लगबरोबर मिळणारे स्क्रू बहुधा पातळ शेलसाठी असतात. आपली भिंत १३ मिलिमीटरची आहे, त्यामुळे लांब स्क्रू वेगळे आणावे लागतील.

प्रश्न : पॉलिश कोणते करावे?

उत्तर : तेल, शेलॅक किंवा पॉलियुरेथेन यांपैकी जे तुम्हाला हाताळता येते ते. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे लावावे, म्हणजे ओलावा दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने आत-बाहेर होतो. कडांवर मात्र जाड थर चढू देऊ नये. तेथे तेलाचा एक पातळ हात पुसून घ्यावा आणि सुकल्यावर मेणाची कांडी फिरवावी. हेड कडेवरून सहज सरकते आणि ताण सगळीकडे सारखा पोहोचतो.

प्रश्न : माझा घरी बनवलेला ड्रम पूर्ण झाला आहे, पण एका रॉडजवळ आवाज सतत खालचा लागतो. तो रॉड कसला की समोरची बाजू बिघडते. दोष शेलचा असेल का?

उत्तर : असेल, पण तसे ठरवण्यापूर्वी क्रमाने तपासावे. हेड पूर्ण सैल करून सगळे रॉड आधी केवळ बोटांनी फिरतील तेवढे बसवावेत आणि मग समोरासमोरच्या जोड्यांनी प्रत्येकी अर्धा अर्धा फेरा देत जावे. प्रत्येक रॉडपासून तीन-चार सेंटिमीटर आत काठीचे टोक हलके टेकवत ऐकावे. या वेळी तारा सोडलेल्या असाव्यात आणि दुसरे हेड मऊ कापडावर टेकवून गप्प केलेले असावे.

दोष तरीही राहिला तर रिम काढून केवळ हेड पाव वर्तुळ फिरवावे आणि पुन्हा त्याच पद्धतीने ताणावे. खालचा सूर हेडबरोबर नव्या जागी गेला तर हेड सदोष आहे. तो जुन्याच जागी राहिला तर आता रिम फिरवून पाहावी, कारण वाकलेली रिम अगदी हाच त्रास देते. सपाट काचेवर ठेवून ती डुलते का तेही पाहावे. हेड आणि रिम दोन्ही फिरवूनही खालचा सूर शेलच्या त्याच बिंदूवर राहिला, तर कड तेथे खाली आहे किंवा शेल तेथे बाहेर फुगून हेडच्या कडीला घासतो आहे. घासत असल्यास कडीच्या आतल्या बाजूला चकाकणारी खूण उमटलेली दिसते, आणि पट्ट्यांच्या शेलमध्ये हे विशेष आढळते. दमट हवेत १४ इंची शेलचा व्यास दोन-तीन मिलिमीटरनेही वाढू शकतो. शेल कोरड्या खोलीत काही दिवस उघडा ठेवून पुन्हा परीघ मोजावा. तो ११०६ च्या आसपास परत आला तर बाहेरून काहीही तासू नये. नाही आला तर कडेलगतच्या पंधरा-वीस मिलिमीटर पट्ट्यात तेवढेच लाकूड सँडपेपरने कमी करावे, दिव्याची कसोटी पुन्हा घ्यावी आणि पॉलिशचा हात त्या जागी नव्याने द्यावा.